न्हाणीघरात साध्या टाइल्ससोबत हायलायटर कुठे आणि किती लावावा?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार. पुण्याच्या पश्चिम उपनगरातील आमच्या सदनिकेतले एक न्हाणीघर येत्या महिन्यात पूर्ण फोडून नव्याने करायचे आहे. इमारत १९९८ सालची असून त्या वेळच्या ८ बाय १२ इंचांच्या टाइल्स अजूनही भिंतींवर आहेत. खाली गडद, वर फिकट आणि दोहोंच्या मध्ये कमरेच्या उंचीवर चारही भिंतींना वेढणारी फुलांची पट्टी (हायलायटर, म्हणजे साध्या टाइल्समध्ये उठून दिसणारी नक्षीची टाइल), अशी त्यांची मांडणी आहे. हे न्हाणीघर मुख्यत्वे माझी आई वापरते. तिचे वय ७४ आहे, एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे आणि दुसऱ्याची व्हायची आहे.

खोलीचे माप ५ फूट बाय ७ फूट आहे. दार ५ फुटी भिंतीत आहे आणि दारासमोरच्या ५ फुटी भिंतीला कमोड असून त्याच्या वर डक्टमध्ये (इमारतीतल्या हवा आणि नळांसाठीच्या उभ्या पोकळीत) उघडणारी २ फूट बाय २ फुटांची खिडकी आहे. शॉवर उजव्या हाताच्या लांब भिंतीवर, तर बेसिन दाराजवळ डाव्या बाजूला आहे. सोसायटीला महापालिकेच्या पाण्याबरोबर बोअरवेलचे पाणीही मिसळून येते, त्यामुळे नळांवर आणि भिंतींवर पांढरे डाग पडतात.

माझ्या मनात अशी योजना आहे: तीन भिंतींना मोतिया रंगाची साधी टाइल, शॉवरच्या भिंतीवर छतापर्यंत हिरव्या काचेच्या बारीक चौकोनी तुकड्यांचे मोझेक, आणि जमिनीवर काळ्या-पांढऱ्या नक्षीची सिमेंटची लादी. दुकानात हे सारे एकत्र मांडलेले पाहिले तेव्हा फार सुंदर वाटले. तरीही निर्णय घेण्याआधी ज्यांनी हे काम केले आहे किंवा अशा घरात राहून पाहिले आहे, त्यांचे मत मला हवे आहे. साधी आणि नक्षीची टाइल यांचे प्रमाण किती असावे आणि नक्षी नेमकी कुठे असावी?

रेघोटी

मी अंतर्गत सजावटीचे काम करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

तुमच्या जुन्या भिंतींवर जी मांडणी आहे, ती आपल्याकडे टाइल विकण्याची प्रदीर्घ काळ रुळलेली पद्धत होती आणि अनेक दुकानांत ती आजही आहे. लाइट, डार्क आणि हायलायटर असा तिघांचा संच एकत्र दाखवला जातो आणि ग्राहक तो संच जसाच्या तसा घेतो. डार्क खाली लावण्यामागे उडालेले पाणी आणि मळ दिसू नये हा सरळ हिशेब होता. हायलायटरची पट्टी मात्र त्या दोन रंगांमधला सांधा झाकण्यापलीकडे फारसे काही करत नसे, आणि लहान खोलीत ती भिंतीची उंची मधोमध तोडून खोली अधिक बुटकी दाखवत असे. म्हणून आजच्या पद्धतीत पट्टी काढून टाकून एका संपूर्ण पृष्ठभागाला वेगळेपण देतात आणि उरलेले सर्व शांत ठेवतात. काठापदराच्या साडीत अंगभर साधेपणा असतो म्हणूनच पदर उठून दिसतो. अंगावरही तितकीच नक्षी असती, तर पदराकडे कोणी पाहिले नसते.

आता जागेविषयी. न्हाणीघराचे दार उघडल्यावर नजर जिथे पहिल्यांदा टेकते ती भिंत हायलायटरची. तुमच्या आराखड्यात ती शॉवरची नसून कमोडमागची भिंत आहे. शॉवरची भिंत तुम्हाला आत शिरून वळल्यावरच दिसेल, आणि शॉवरखाली उभे असताना तर ती फूटभर अंतरावर असल्यामुळे तिची नक्षी एकसंध अशी कधी दिसणारच नाही. शिवाय नळ, डायव्हर्टर (पाणी नळातून शॉवरकडे वळवणारी कळ), शॉवरचा दांडा, साबणाची जागा आणि टॉवेलची खुंटी या साऱ्यांनी ती भिंत आधीच भरलेली असते. ज्या भिंतीवर वस्तू जास्त, ती साधी ठेवावी असे मी माझ्या प्रत्येक ग्राहकाला सांगते.

तुमच्या योजनेत लक्ष वेधून घेणाऱ्या दोन गोष्टी आहेत, एक मोझेक आणि दुसरी नक्षीची लादी. ३५ चौरस फुटांच्या खोलीत दोन्ही सामावणार नाहीत. त्यांपैकी एकच निवडावी, असा माझा आग्रह आहे.

आणि नमुना दुकानात पाहून रंग ठरवू नका. दुकानात वरून चहूबाजूंनी प्रखर उजेड असतो, तुमच्या न्हाणीघरात मात्र एक खिडकी आणि एखादा दिवा असेल. एक-एक टाइल घरी आणून त्याच खोलीत उभी करून सकाळी आणि रात्री पाहा. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली हिरवा रंग शेवाळाकडे झुकतो आणि ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली तोच निळसर दिसतो. आधी दिवा ठरवा आणि मग रंग.

तांबडमाती

मोझेकविषयी माझा अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. सहा वर्षांपूर्वी आम्ही शॉवरच्या भिंतीवर काचेचे मोझेक लावले. पहिले वर्षभर ती भिंत पाहून मन प्रसन्न होत असे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर सांधे काळे पडू लागले आणि त्यात क्षारांचे पांढरे थर बसू लागले. आज ती भिंत घासण्यात माझा रविवारचा दीड तास जातो आणि तरीही ती स्वच्छ दिसत नाही.

मी नंतर हिशेब केला, तो तुमच्या उपयोगी पडेल. ३०० बाय ६०० मिलिमीटरची टाइल लावली, तर एका चौरस मीटर भिंतीवर सांध्यांची एकूण लांबी साधारण ५ मीटर भरते. २० मिलिमीटरच्या तुकड्यांचे मोझेक लावले, तर तेवढ्याच भिंतीवर ती सुमारे ९० मीटर होते. म्हणजे मळ धरून बसणारी जागा अठरा पट वाढते. आमच्याकडे त्या सांध्यांत साधे सिमेंटचे ग्राउट (सांधे भरायचा माल) भरले होते, जे पाणी शोषते. पाणी न शोषणारे एपॉक्सी ग्राउट भरले असते तर स्थिती निश्चितच बरी राहिली असती, पण बोअरचे पाणी असलेल्या घरात शॉवरखाली मोझेक लावण्याचा सल्ला मी आता कोणालाही देणार नाही.

आणखी एक अडचण काम सुरू झाल्यावरच लक्षात आली. २० मिलिमीटरच्या काचतुकड्यांचा जाळीवर चिकटवलेला ताव ३२७ मिलिमीटरचा असतो. शेजारची साधी टाइल ३०० ची. त्यामुळे दोन्हींच्या सांध्यांच्या रेषा कुठेच जुळल्या नाहीत. जाडीतही फरक होता, मोझेक ४ मिलिमीटर आणि टाइल ९ मिलिमीटर, आणि तो भरून काढण्यासाठी मिस्त्रीने मागे जास्त माल थापला. तो सगळीकडे सारखा बसला नाही. संध्याकाळी दिव्याचा तिरपा प्रकाश पडला की भिंतीवरचे चढउतार स्पष्ट दिसतात.

जुनी_लादी

नक्षीच्या लादीबद्दल लिहितो, कारण माझे बालपण अशाच लादीवर गेले. गिरगावातल्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीत सिमेंटची रंगीत लादी होती. मध्ये साधा करडा रंग आणि भिंतीलगत चहूबाजूंनी लाल-काळ्या वेलबुट्टीची किनार. मोरीत मात्र तीच लादी नव्हती. तिथे खाली शहाबादी फरशी आणि भिंतीला कमरेपर्यंत ६ इंची चौकोनी पांढऱ्या चकचकीत टाइल्स. साधे कुठे वापरायचे आणि नक्षी कुठे, याचा विचार त्या काळच्या गवंड्यांनी केलेला होता.

ही लादी भट्टीत भाजलेली नसते. रंगद्रव्य मिसळलेल्या सिमेंटचा थर साच्यात ओतून, त्यावर कोरडे सिमेंट आणि वाळू घालून दाबयंत्राखाली ती घडवतात आणि पाण्यात पिकवतात. स्वदेशीच्या काळात ही लादी इंग्लंडहून आणण्याऐवजी इथेच घडावी म्हणून १९२२ साली भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी उभी राहिली आणि तिचा पहिला कारखाना उरणला होता. शंभर वर्षे टिकलेल्या त्या लाद्या मुंबईत आजही दिसतात. पण त्या टिकल्या त्या दिवाणखान्यात आणि व्हरांड्यात. सिमेंटचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो आणि त्याला आम्ल चालत नाही. बोअरच्या पाण्याचे डाग काढण्यासाठी आपण न्हाणीघरात जे द्रव वापरतो, त्यांतील बहुतेकांमध्ये आम्ल असते, आणि ते या लादीचा रंग आणि तिची कांती दोन्ही खाऊन टाकते. ज्या वस्तूवर जीव आहे ती तिथे लावू नये जिथे तिची झीज ठरलेली आहे.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. मोझेक आणि सिमेंटची लादी या दोन्ही गोष्टी मी यादीतून काढून टाकत आहे. तांबडमाती यांनी दिलेला सांध्यांचा हिशेब मी आईला वाचून दाखवला आणि तिने लगेच नकार दिला.

आता विचार असा आहे की चारही भिंतींना ३०० बाय ६०० मिलिमीटरचीच टाइल घ्यावी. तीन भिंती मोतिया आणि कमोडमागची भिंत हिरवी. हिरव्या भिंतीवर टाइल उभी लावायची आणि बाकी भिंतींवर आडवी. पण मी कागदावर आखून पाहिले आणि अडखळले. भिंतीची रुंदी ५ फूट, म्हणजे १५२४ मिलिमीटर. उभ्या पाच टाइल्स आणि २ मिलिमीटरचे चार सांधे मिळून १५०८ होतात. उरलेल्या १६ मिलिमीटरची दोन्ही बाजूंना ८-८ मिलिमीटरची चिरोटी लावावी लागेल. ती तर दिसायलाही वाईट आणि कापायलाही अशक्य. मग मधोमध सांधा धरून दोन्ही टोकांना दीडशे मिलिमीटरचे तुकडे लावावेत का?

पाणसळ

मी बावीस वर्षे बांधकामावर देखरेख करतो. तुम्ही कागदावर आखून पाहिलेत हेच मोठे काम केलेत; बहुतेक लोक टाइल घरी आल्यानंतर मिस्त्रीला विचारतात.

तुमचा हिशेब प्लास्टर ते प्लास्टर आहे, आणि म्हणून तो अपुरा आहे. कमोडमागची भिंत आधी लावून घ्या. तिच्यावर पाच पूर्ण टाइल्स मधोमध बसवा आणि दोन्ही टोकांना ८ मिलिमीटर मोकळे सोडा. त्यानंतर बाजूच्या भिंतींच्या टाइल्स लागतील. त्यांची जाडी ९ मिलिमीटर आणि मागचे चिकटद्रव्य ३ ते ४ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूने १२ मिलिमीटर भिंत पुढे येईल आणि ते ८ मिलिमीटर पूर्णपणे झाकले जातील. डोळ्यांना पाच अखंड टाइल्सच दिसतील आणि एकही काप लागणार नाही. टोकाच्या दोन टाइल्स चार-पाच मिलिमीटरने अरुंद दिसतात, पण ते कोणाच्याही लक्षात येत नाही.

मात्र त्याआधी भिंत गुण्यात (काटकोनात) आहे की नाही हे तपासले पाहिजे. जुन्या इमारतीत ५ फुटांची भिंत खाली १५२४ आणि वर १५३५ भरणे अगदी सामान्य आहे. जमिनीपाशी, छातीइतक्या उंचीवर आणि वर, अशा तीन ठिकाणी माप घ्या आणि दोन्ही कोपऱ्यांना ओळंबा लावून पाहा. फरक जास्त असेल तर प्लास्टर करतानाच तो काढावा, कारण टाइल लावताना काढलेला फरक पुढे प्रत्येक सांध्यात दिसत राहतो.

उंचीचेही असेच. ६०० च्या चार ओळी आणि मधले तीन सांधे मिळून २४०६ मिलिमीटर होतात. फॉल्स सीलिंग जमिनीच्या तयार पातळीपासून २४०० वर ठरवा, म्हणजे चौथी ओळ त्याच्या आत जाऊन संपेल आणि वर चिरोटी राहणार नाही. पुष्कळ ठिकाणी छत आधी ठरते आणि टाइल नंतर. ते उलट व्हायला हवे.

आता एका भिंतीवर उभी आणि दुसरीवर आडवी लावण्याविषयी. कागदावर दोन आडव्या ओळी म्हणजे एक उभी टाइल असे वाटते. प्रत्यक्षात दोन आडव्या ओळींना दोन सांधे येतात, म्हणून त्या ६०४ जागा घेतात, तर एक उभी टाइल तिच्या सांध्यासह ६०२. प्रत्येक उभ्या ओळीमागे २ मिलिमीटरचा फरक पडतो आणि चौथ्या ओळीपर्यंत तो ८ मिलिमीटर होतो. कोपऱ्यात दोन्ही भिंतींच्या रेषा एकमेकींना भिडतात, तिथे ही चूक नजरेला सतत खटकत राहते. म्हणून चारही भिंतींवर टाइल उभीच लावा. रंग वेगळा आहे, तेवढा फरक पुरेसा आहे. दिशाही बदलण्याची गरज नाही.

टाइल घेताना एक लक्षात ठेवा. मोतिया आणि हिरवी या दोन्ही टाइल्स एकाच कारखान्याच्या, एकाच मालिकेतल्या आणि एकाच जाडीच्या असाव्यात. ‘३०० बाय ६००’ असे खोक्यावर छापलेले असले, तरी दोन कारखान्यांच्या टाइल्समध्ये एक-दोन मिलिमीटरचा फरक असू शकतो आणि सांध्यांची रेषा तिथेच मोडते. दुकानातच दोन्ही रंगांच्या चार-चार टाइल्स एकमेकींवर रचून कडांवरून बोट फिरवा.

आधारकाठी

मी ज्येष्ठांसाठी फिजिओथेरपीचे काम करते आणि घरोघरी जाते, म्हणून न्हाणीघरे मला रोज पाहावी लागतात. या धाग्यावर सौंदर्याबद्दल आणि मापांबद्दल उत्तम लिहिले गेले आहे, पण रानजाई यांनी पहिल्याच परिच्छेदात आईच्या डोळ्यांचा जो उल्लेख केला, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना दोन जवळच्या रंगांमधला फरक कमी कळतो. पांढरी भिंत, पांढरा कमोड, पांढरी बैठक आणि चकचकीत पांढरी जमीन अशा न्हाणीघरात बैठकीची कड नेमकी कुठे आहे हे अशा व्यक्तीला अंदाजाने ठरवावे लागते, आणि बसताना अंदाज चुकला की तोल जातो. कमोडमागची भिंत मध्यम किंवा गडद रंगाची असेल, तर पांढऱ्या कमोडची आकृती स्पष्ट उठून दिसते. म्हणजे रेघोटी यांनी नजरेच्या दृष्टीने सुचवलेली भिंत आईच्या सुरक्षिततेसाठीही योग्य आहे. फक्त हिरवा रंग इतका फिकट घेऊ नका की तो मोतियातच मिसळून जाईल. मोबाइलवर दोन्ही टाइल्सचे छायाचित्र काढून ते कृष्णधवल करून पाहा. दोन्ही राखाडी छटा जवळजवळ सारख्या दिसल्या, तर रंग कितीही वेगळे असले तरी तो फरक आईच्या उपयोगाचा नाही.

काळ्या-पांढऱ्या नक्षीची लादी तुम्ही रद्द केलीत हे फार बरे झाले. जमिनीवरचे गडद चौकोन कमी दिसणाऱ्या व्यक्तीला खड्डा किंवा पायरी वाटू शकतात आणि ती पाऊल अडखळत टाकते. जमीन एकाच रंगाची, मॅट आणि खरखरीत हवी. भिंतीपेक्षा थोडी गडद असेल तर जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते हेही कळते. टाइलच्या माहितीपत्रकात घसरणरोधाचा आकडा आर ९ ते आर १३ असा दिलेला असतो. न्हाणीघरासाठी आर १० च्या खाली जाऊ नका आणि शक्य असल्यास आर ११ घ्या.

आधाराचे दांडे याच वेळी लावून घ्या, एक कमोडच्या बाजूला आणि एक शॉवरपाशी. हिरव्या भिंतीवर स्टीलचा दांडा चालेल, पण मोतिया भिंतीवर तो उजेडात हरवतो. तिथे गडद रंगाचा दांडा मिळाला तर उत्तम.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो आणि कामासाठी रोज न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेने जातो. ही चर्चा वाचताना मला तिथल्या भिंती आठवल्या, कारण साध्या आणि नक्षीच्या टाइल्सचा इतका स्पष्ट विचार मी दुसरीकडे क्वचितच पाहिला आहे. ही रेल्वे १९०४ साली सुरू झाली. पहिल्या स्थानकांच्या भिंतींना ३ इंच बाय ६ इंचांच्या पांढऱ्या चकचकीत टाइल्स लावल्या, कारण जमिनीखाली उजेड कमी होता आणि त्या भिंती धुऊन स्वच्छ ठेवता येत होत्या. आज जगभर ‘सबवे टाइल’ म्हणून विकली जाते ती हीच. या पांढऱ्या विस्तारात रंग मोजक्या जागीच आहे, वरची किनार, स्थानकाच्या नावाची पाटी आणि काही ठिकाणी एखादे उठावाचे चित्र. अ‍ॅस्टर प्लेस स्थानकावर बीव्हर या प्राण्याचे चित्र आहे, कारण ज्यांच्यावरून त्या जागेला नाव पडले त्या जॉन जेकब अ‍ॅस्टर यांनी बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारात संपत्ती मिळवली होती.

धावत्या गाडीतून क्षणभर पाहणाऱ्याला आपण कुठे आलो हे कळावे, हे त्या रंगाचे काम होते. आधारकाठी यांनी आईसाठी जे सांगितले तेही याच जातीचे आहे. तिथेही रंगाला काम नेमून दिलेले आहे.

मांडवीतीर

एक छोटी सूचना करतो. आमच्याकडे पणजीत फोंतायन्यास भागात घरांच्या नावांच्या आणि क्रमांकांच्या हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजो (पोर्तुगीज धाटणीच्या) टाइल्स भिंतीत बसवलेल्या दिसतात. पिवळ्या किंवा तांबड्या सपाट रंगाच्या भिंतीवर हातभर जागेत ती एकच पाटी असते आणि तेवढ्यानेच संपूर्ण दर्शनी भाग ओळखू येतो. हिरव्या भिंतीखेरीज काही जपून ठेवण्यासारखे लावायचे असेल, तर शॉवरच्या भिंतीत एक कोनाडा करा आणि त्याच्या फक्त पाठीला आवडीची टाइल लावा. चार टाइल्स पुरतात, म्हणून चांगली हातरंगीत टाइलही परवडते.

रानजाई

कोनाड्याची कल्पना आईला फार आवडली. तिच्या माहेरच्या घरी न्हाणीघरात दिवा ठेवायचा कोनाडा होता, त्याची आठवण तिने सांगितली. पाणसळ, तो करणे शक्य आहे का? आणि दोन रंगांच्या टाइल्स असताना ग्राउटचा रंग कोणता घ्यावा? खोकी किती मागवावीत हेही सांगावे.

पाणसळ

कोनाडा करता येईल की नाही हे ती भिंत कोणती आहे यावर ठरते. काँक्रीटची भिंत, स्तंभ किंवा तुळई असेल, तर तिला छिन्नीचा स्पर्शही होता कामा नये. विटांची ९ इंची भिंत असेल तर ४ इंच खोल कोनाडा बिनधास्त करा. आतली ४ इंची भिंत असेल तर कोरू नका, कारण पलीकडे खोलीचे प्लास्टर येईल आणि शॉवरचे नळही त्याच भिंतीतून जातात. तिथे पुढच्या बाजूला अर्ध्या उंचीची जोडभिंत बांधून तिच्यात कोनाडा काढतात, पण ५ फुटी खोलीत तेवढी जागा देणे मला पटत नाही. कोनाडा नेमका एका टाइलच्या मापाचा, ३०० बाय ६०० चा आणि सांध्यांच्या रेषांमध्ये बसणारा असावा, म्हणजे भोवती काप लागत नाहीत. त्याच्या तळाला पुढे पाणी ओघळेल इतका ढाळ द्या आणि आतल्या पाचही बाजूंना जलरोधक लेप लावल्याखेरीज टाइल लावू देऊ नका. गळती सुरू होते ती बहुधा इथेच.

ग्राउट एकच रंगाचे घेऊ नका. सहसा मी एकच घ्यायला सांगतो, पण मोतिया ग्राउट हिरव्या भिंतीवर लावले, तर भिंतीवर जाळे पसरल्यासारखे दिसेल आणि तिची एकसंधता जाईल. तुमच्याकडे रंग कोपऱ्यात बदलतो, भिंतीच्या मध्ये नाही, म्हणून प्रत्येक भिंतीला तिच्या टाइलच्या जवळचा रंग द्या. कोपऱ्याच्या उभ्या सांध्यात मात्र ग्राउटऐवजी मोतिया रंगाचे सिलिकॉन भरा. दोन भिंती जिथे मिळतात तिथे सूक्ष्म हालचाल होतच असते आणि ग्राउटला तडा जातो. शॉवरच्या बाजूला एपॉक्सी घ्या. ते लावल्यावर टाइलवर उरलेला पातळ थर तासाभराच्या आत पुसून काढावा लागतो, एकदा कडक झाला की निघत नाही. मॅट टाइलवर तो अधिक चिकटतो, म्हणून आधी उरलेल्या तुकड्यावर लावून पाहा.

आता मोजणी. ३०० बाय ६०० च्या खोक्यात बहुधा ५ टाइल्स असतात, म्हणजे ९.६९ चौरस फूट. खरेदीपूर्वी खोक्यावरचा आकडा वाचून घ्या. चारही भिंतींचा घेर २४ फूट आणि उंची ८ फूट, म्हणजे १९२ चौरस फूट. त्यातून हिरवी भिंत ४० आणि दार १७.५ वजा केले की मोतियासाठी १३४.५ उरतात. दहा टक्के वाढीव धरून १४८ होतात, म्हणजे १६ खोकी. हिरव्या भिंतीला पाच उभ्या रांगा आणि चार ओळी, म्हणजे २० टाइल्स लागतील. खिडकीमुळे काही वाचतील, पण तिच्याभोवती एल आकाराचे काप करताना एक-दोन फुटतीलच. म्हणून ५ खोकी घ्या. सर्व खोक्यांवरचा शेड क्रमांक आणि बॅच क्रमांक एकच आहे हे टेम्पोतून उतरवून घेतानाच पाहा. एकाच नावाच्या टाइल्सच्या दोन बॅचमध्ये छटा बदलते, आणि साध्या रंगाच्या भिंतीवर तो फरक नक्षीच्या भिंतीपेक्षा जास्त उघडा पडतो. साधी टाइल निवडणाऱ्याला हे ठाऊक असलेच पाहिजे.

शेवटचे, आधाराच्या दांड्यांविषयी. मागे चार-पाच गोळे लावून टाइल चिकटवण्याची सवय अनेक मिस्त्रींना असते. तशा टाइलच्या मागे पोकळी राहते आणि छिद्र पाडताना ती फुटते, किंवा पुढे दांड्यावर भार आला की तडकते. दातेरी पत्र्याने चिकटद्रव्य संपूर्ण पाठीवर पसरवून घ्या आणि पहिली टाइल लावल्यावर ती काढून मागे माल सगळीकडे लागला आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. जुन्या टाइल्सवर नवी टाइल चिकटवून देतो असे कोणी म्हटले तर नको म्हणा. संपूर्ण फोडून, जलरोधन करून आणि किमान दोन दिवस पाणी साठवून पाहिल्यावरच पुढचे काम सुरू करा.

रानजाई

सात आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. काम मागच्या शनिवारी पूर्ण झाले.

कमोडमागच्या भिंतीवर मध्यम शेवाळी हिरव्या रंगाची मॅट टाइल आहे आणि बाकी तीन भिंतींवर मोतिया सॅटिन (सौम्य चमक असलेली) टाइल. कृष्णधवल छायाचित्राच्या कसोटीत मी आधी निवडलेला हिरवा रंग नापास झाला होता, म्हणून दोन छटा गडद घेतला. ही भिंत तळाशी १५२२ आणि वर १५३१ भरली. प्लास्टरमध्ये फरक काढून घेतला आणि पाच टाइल्स पाणसळ यांनी सांगितल्याप्रमाणे अखंड बसल्या. मिस्त्रींनी सुरुवातीला टोकाला पट्टी कापून लावण्याचे सुचवले होते. मी त्यांना कागदावरचा आराखडा दाखवला, तेव्हा त्यांनी स्वतः गुण्या लावून पुन्हा मोजले आणि तो मान्य केला. जमीन करड्या रंगाची, आर ११ ची, ३०० बाय ३०० ची आहे. लहान टाइलमुळे नहाणी ट्रॅपकडे (पाणी निघून जाण्याच्या जाळीकडे) ढाळ नीट मिळाला आणि आता कोपऱ्यात पाणी साचत नाही.

शॉवरची भिंत ९ इंची निघाली, त्यामुळे कोनाडा झाला. त्याच्या पाठीला निळ्या वेलीच्या चार हातरंगीत टाइल्स आहेत. एक चूक आमच्याकडून झाली: त्या टाइल्स जाडीला ३ मिलिमीटर अधिक होत्या आणि ते कोनाडा तयार झाल्यावर लक्षात आले, म्हणून आतली खोली तेवढी कमी झाली. शाम्पूची मोठी बाटली आता किंचित बाहेर येते.

पहिल्या दिवशी आई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही, म्हणून मी हाक मारली. तिने आतून सांगितले की ती भिंतीकडे पाहत बसली आहे आणि आता बसताना मागे हात लावून चाचपावे लागत नाही.

हिरव्या टाइलच्या तीन आणि मोतियाच्या सात टाइल्स उरल्या. त्या खोक्यातच ठेवून, खोक्यावर शेड क्रमांक, बॅच क्रमांक आणि दोन्ही ग्राउटचे रंग जाड अक्षरांत लिहून माळ्यावर ठेवल्या आहेत.